ऐकू येतं, पण समजत नाही

थोरलीच्या निकाहाची तारीख पक्की करायला मुलाकडचे पाहुणे आले होते. बैठकीच्या खोलीत बारा-चौदा माणसं, वर पंखा, आतल्या खोलीत पोरांनी लावलेला टीव्ही, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. अब्बा मधोमध बसले होते. तारीख निघाली, अब्बांनी मान हलवली. हॉल निघाला, मान हलवली. मेहेरची रक्कम निघाली, तेव्हा "हां, हां, बिलकुल" म्हणाले. वकील कोण व्हायचं असं कुणी विचारलं, तर सगळ्यांनी अब्बांचंच नाव घेतलं. मुलीचे दादा असताना दुसरं कोण? त्यावरही त्यांनी मान हलवली.

चार दिवसांनी अब्बांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पाहुणे येऊन गेले, पण तारखेचं काहीच कसं बोलले नाहीत?"

आमच्या पोटात गोळा आला. अब्बांचं वय ७४. आजूबाजूच्या दोन घरांत म्हाताऱ्या माणसांना विसरण्याचा आजार झालेला आम्ही पाहिला होता. आता आपल्या घरी, असंच वाटलं. त्याच रात्री घरात कुणीतरी म्हणालं, "वकील मामूंना करू या. अब्बांना ना ऐकू येतं, ना लक्षात राहतं." अब्बा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत, उठून अंथरुणावर गेले. ते वाक्य मात्र त्यांना अचूक समजलं होतं. कसं, ते पुढे सांगतो.

विस्मरणासाठी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी औषध लिहून देण्याआधी एकच प्रश्न केला, "यांचे कान कधी तपासलेत?" आम्ही सांगितलं, मशीन घेतलंय, पण वापरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "जे कानावर नीट पडलंच नाही, ते लक्षात राहणार कसं? आधी कान बघा, मग डोक्याचं बघू."

हा लेख त्या एका प्रश्नापासून पुढे आम्ही जे शिकलो त्याबद्दल आहे. अशी मान हलवणारी माणसं बहुतेक घरांत आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

अक्षरं गळतात, काना-मात्रा उरतात

आमचे अब्बा इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षं मागावर होते. शेडमध्ये चाळीस-पन्नास यंत्रमाग एकदम चालायचे, धोटा इकडून तिकडे आपटायचा. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षं रोज आठ तास काढले की कानाला कायमची इजा होते, असं मानलं जातं. मागाच्या शेडमधला आवाज त्याच्याही वर असतो. त्या वेळी कानात कापूससुद्धा कुणी घालत नसे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूला निरोप पाठवतात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयानं आणि गोंगाटानं आधी मरतात त्या तीक्ष्ण, बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी. जाड, घोगरे आवाज टिपणाऱ्या पेशी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात.

याचा परिणाम भाषेवर कसा होतो? आम्ही शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, म्हणून आम्हाला हे असं समजलं. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे जाड आणि मोठे असतात. स, श, फ, ख, थ ही व्यंजनं बारीक आणि अशक्त असतात. स्वरांमुळे आवाज कानावर पडतो, शब्द ओळखता येतो तो व्यंजनांमुळे. उर्दूत आपण अक्षरं लिहितो आणि जेर-जबर-पेश बहुतेक वेळा लिहीत नाही. तरी वाचणारा अंदाजानं बरोबर वाचतो. म्हाताऱ्या कानाचं नेमकं उलट होतं. जेर-जबर पोचतात आणि अक्षरं गळून पडतात. फळ्यावर नुसत्या काना-मात्रा ठेवून बाकीचं पुसून टाकलं आणि 'वाचा' म्हटलं, तर आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थीही अडखळेल.

'साखर' म्हटलं की अब्बा 'भाकर' ऐकायचे. 'सात' म्हटलं की 'आठ'. आवाज ऐकू येत होता, म्हणून ते बिचारे शपथेवर सांगायचे, "मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

इथे एक गैरसमज घराघरांत भांडणं लावतो. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज साधारणपणे बारीक असतात, पुरुषांचे जाड. त्यामुळे म्हातारबाबा दोस्तांशी कट्ट्यावर तासभर बोलतात आणि घरी बायकोनं, सुनेनं काही म्हटलं की त्यांना कळत नाही. मग आपण म्हणतो, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं!" अम्मीनं हे वाक्य अब्बांना कितीदा ऐकवलं असेल, आणि आम्हीही हसून साथ दिली असेल.

दुसरा गैरसमज ओरडण्याचा. हळू बोललं तर समजत नाही, मोठ्यानं बोललं तर "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात. हा स्वभाव नाही. कानातल्या पेशी गेल्या की ऐकू येऊ लागण्याची पातळी आणि आवाज सहन न होण्याची पातळी जवळजवळ येतात. मधली जागा अरुंद होते. थोडा आवाज वाढवला की तो एकदम डोक्यात जातो.

कान ऐकतो, समजतो मेंदू

हे झालं कानाचं. यापुढची गोष्ट आम्हाला अजिबात माहीत नव्हती.

कानापासून निघालेला निरोप मेंदूत पोचल्यावर त्याच्यावर बरंच काम होतं. दहा आवाजांतून एक आवाज वेगळा काढायचा, पंख्याची घरघर बाजूला सारायची, दोन्ही कानांतून आलेलं जुळवायचं, एका शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात ओळखायची, राहिलेल्या जागा अंदाजानं भरायच्या, आणि तोवर पुढचं वाक्य येतं तेही धरून ठेवायचं. तरुणपणी हे आपोआप होतं. वय वाढलं की हे काम मंदावतं. म्हणूनच काही वयस्क माणसांची साधी कानतपासणी बरीचशी ठीक निघते, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा भरभर बोलणाऱ्यापुढे त्यांचा गोंधळ उडतो. दोन माणसांचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, अगदी सारखा असला तरी एकाला बोलणं समजतं आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं.

अब्बांची पूर्ण तपासणी झाली तेव्हा हे उलगडलं. बंद खोलीत बारीक-जाड स्वर ऐकवून झाल्यावर ऑडिओलॉजिस्टबाईंनी शब्द ऐकवले आणि ते परत म्हणायला सांगितले. शांततेत अब्बांना बरेच जमले. मागे गोंगाट लावला, तर निम्मेही जमेनात. त्या म्हणाल्या, "यांचे कान अधू आहेतच, पण गोंगाटातून शब्द वेचण्याचं मेंदूचं कामही मंदावलंय. मशीन देऊ, पण मशीन पहिली अडचण सोडवतं. दुसरीसाठी घरच्यांनी बदलायला लागेल."

तेव्हा आम्हाला मशिदीचंही कोडं सुटलं. अब्बा म्हणायचे, जुम्म्याच्या खुतब्यात आवाज येतो, शब्द येत नाहीत. आम्हाला वाटायचं लाऊडस्पीकर खराब आहे. फरशी, उंच छत आणि रिकाम्या भिंती यांवर आवाज आपटून घुमतो, आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. तरुण मेंदू ते निस्तरतो, म्हाताऱ्याला ते जड जातं. स्पीकरचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. पुढच्या सफमध्ये, इमामसाहेबांचा चेहरा दिसेल असं बसलं तर फरक पडतो.

मामूंना वकील करायचं बोलणं मात्र त्यांना समजलं, ते का? मागाच्या शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचायचे. अब्बा अठ्ठावीस वर्षं ओठ वाचत होते. घरातही कित्येक वर्षं त्याच्यावरच चालवत असणार, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही. एक खूण समोर होती. लाइट गेली की अब्बा गप्प व्हायचे. आम्हाला वाटायचं, झोप आली असेल. अंधारात त्यांना ओठ दिसत नव्हते, एवढंच.

विसरण्याच्या भीतीचं काय झालं? डॉक्टरांनी नंतर ती तपासणीही केली, आणि अब्बांचं वयाच्या मानानं ठीक निघालं. पण ऐकण्याचा आणि स्मरणाचा संबंध खरा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर आपण काही करू शकतो, त्यांत बहिरेपणा धरला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर श्रवणयंत्रानं बुद्धीच्या घसरणीत फरक पडलेला दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात ही घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. म्हणजे मशीन हे विसरण्यावरचं औषध नव्हे, पण कानांकडे दुर्लक्ष करणंही शहाणपणाचं नाही.

ड्रॉवरमधलं मशीन

आता आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही अब्बांसाठी बाजारातून एक मशीन आणलं होतं, कसलीही तपासणी न करता. दुकानदार म्हणाला, "कानात घाला आणि आवाज वाढवा." ते मशीन सगळंच मोठं करायचं. पंखा मोठा, रिक्षा मोठी, ताटाचा आवाज सुरीसारखा. तिसऱ्या दिवशी अब्बांनी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो, "मशीन घेऊन दिलंय, पण हट्टी आहेत, घालत नाहीत."

नीट पद्धत अशी आहे. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान बघावा. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो, आणि तो काढला की निम्मं काम होतं. मग ऑडिओलॉजिस्टकडून आलेख काढून घ्यावा. हे तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, नोंदणी विचारायला संकोच करू नये. शब्दांची चाचणी आणि जमल्यास गोंगाटातली चाचणीही करा म्हणावं. आलेखात जिथे जेवढी कमतरता असेल, तिथे तेवढाच आवाज वाढेल, असं डिजिटल मशीन संगणकावर लावून देतात. किमती काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत आहेत. आमचा अनुभव असा, की महाग मशीन चुकीचं लावण्यापेक्षा साधं मशीन नीट लावलेलं बरं. दोन्ही कान अधू असतील तर शक्यतो दोन्हीकडे घ्यावं, कारण आवाजाची दिशा ओळखायला आणि गोंगाटातून शब्द काढायला दोन कान लागतात.

लावल्या दिवशी चष्म्यासारखं सगळं स्वच्छ होईल, ही अपेक्षा सोडून द्यावी. मेंदूला कित्येक वर्षं हे बारीक आवाज मिळालेलेच नसतात. पहिल्या दिवशी अब्बांनी वर्तमानपत्र उघडलं आणि दचकून बाजूला ठेवलं. "पेपर एवढा वाजतो?" मग स्वतःच्या चपलांचा आवाज आला, मोरीतला नळ गळतोय हे त्यांनीच सांगितलं. हे आवाज कामाचे नाहीत, हे मेंदूला पुन्हा शिकायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आम्ही पहिला आठवडा शांत खोलीत रोज दोन तास, एकाच माणसाशी बोलण्यापुरतं ठेवलं. मग हळूहळू वेळ वाढवला, बाजार आणि मशीद शेवटी. मधे तीन वेळा जाऊन मशीन पुन्हा जुळवून घेतलं. यातली एकही फेरी टाळली असती, तर हेही मशीन ड्रॉवरमध्ये गेलं असतं.

आपल्या घरांतल्या काही बारीक गोष्टी. मशीनला पाणी चालत नाही, म्हणून वजूच्या आधी काढून ठेवायचं आणि कान पुसून पुन्हा घालायचं. त्यासाठी वजूच्या जागेजवळ एक ठरलेली डबी ठेवा, नाहीतर खिशातून पडतं. टोपी कानावरून खाली ओढली की कानामागच्या मशीनला शिट्टी येते, टोपी जरा वर ठेवावी. केसांना तेल लावताना आणि अत्तर लावताना मशीन काढलेलं असावं. सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवला तर तो जास्त चालतो, कारण त्याला हवा लागते. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. आणि सेल पोरांच्या हाती लागू देऊ नयेत. ते गिळले तर धोका असतो.

आम्ही काय बदललं

ऑडिओलॉजिस्टबाईंनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही एका कागदावर लिहून फ्रीजवर लावल्या. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. आधी "अब्बा" म्हणायचं, त्यांनी बघितलं की मगच बोलायचं. चेहऱ्यावर उजेड असावा, तोंडापुढे हात किंवा मोबाइल नसावा. मोठ्यानं बोलायचं नाही, सावकाश बोलायचं, वाक्यामध्ये थांबायचं. एकदा समजलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. 'सात' समजत नसेल तर 'सहानंतरचे सात' म्हणायचं. बोलताना टीव्ही बंद. दस्तरखानावर एका वेळी एकानंच बोलायचं. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं, अजूनही जातं. आणि तारीख, औषध, पैसे या गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. हे कमीपणाचं नाही, आम्ही एकमेकांनाही आता लिहूनच देतो.

शेवटचा नियम अब्बांनी स्वतः सांगितला. त्यांनी "काय म्हणालास?" विचारल्यावर "जाऊ द्या, काही नाही" म्हणायचं नाही. ते म्हणाले, "काही नाही म्हटलं की वाटतं, मीच काही नाही." आई-वडील म्हातारे झाल्यावर त्यांच्याशी कसं बोलावं, याची ताकीद आम्हाला लहानपणापासून पाठ होती. आम्ही अब्बांना कधी उलट बोललो नाही, याचा अभिमानही होता. पण हे एक वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा बोलत होतो, ते तेव्हा मोजलं.

मदत कुठे मिळते

मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची. जवळ म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय पाहावी. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर केंद्राच्या 'एडिप' योजनेतून यंत्र मिळू शकतं. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र माणसांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. अर्ज सध्या चालू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारावं.

एक इशारा लक्षात ठेवा. एका रात्रीत किंवा एक-दोन दिवसांत एकाच कानानं ऐकू येणं बंद झालं, किंवा सोबत चक्कर, वेदना, पू असेल, तर 'वय झालं' म्हणून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

निकाहाच्या दिवशी

वकील अब्बाच झाले. आम्ही आधीच ठरवलं होतं, रजामंदी विचारायची ती मागच्या लहान खोलीत. पंखा बंद, दार लोटलेलं, आत बाई-मुलांची गर्दी नाही. अब्बा आणि दोन गवाह आत गेले. थोरलीचा आवाज मुळातच बारीक, त्यात त्या दिवशीचा. अब्बांनी विचारलं. तिनं मान खाली घातलेली होती. मग तिनं ओढणी जरा मागे केली, चेहरा वर करून दादांकडे बघितलं, आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली. पुन्हा विचारावं लागलं नाही.

पुढे जेवणाच्या हॉलमध्ये एवढा गोंगाट होता की अब्बांनी मशीन काढून खिशातल्या डबीत ठेवलं. आम्ही काही म्हटलं नाही. एक नातू शेजारी बसवला. कुणी भेटायला आलं की तो दादांच्या हाताला हात लावायचा, ते वळून बघायचे, आणि मग समोरचा माणूस बोलायला लागायचा.